हातमोज्यांच्या गोष्टीचा शेवट

माझ्या बाबांना मराठी वाचता येत नव्हतं असं सांगितलं की पुण्याकडची माणसं माझ्याकडे दयेनं बघतात. मला त्या दयेचा राग येतो. बाबा मराठवाड्यातल्या ज्या खेड्यात शिकले तिथं त्यांच्या लहानपणी जुनं हैदराबाद राज्य होतं आणि शाळा उर्दूतून होती. घरी मराठी, शाळेत उर्दू, पुढं हैदराबादला कारखान्यात लागल्यावर तेलुगू आणि कामापुरती इंग्रजी. यातली मराठी तेवढी कानाची आणि तोंडाची राहिली. एकेक अक्षर लावत ते मथळा वाचायचे आणि खालचा मजकूर सुरू व्हायच्या आत त्यांचा धीर सुटायचा. “माय, तूच वाच,” म्हणायचे. आमच्याकडे बाप लेकीला माय म्हणतो. त्यात कौतुक असतं आणि हुकूमही असतो.

मी वाचायचे. हैदराबादच्या विद्यानगरला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की बाहेरच्या खोलीत वाचनाची बैठक बसायची. बाबा सूप पुढं घेऊन शेंगा फोडायचे, आठवड्याच्या चटणीसाठी. आई विणायला बसायची. हैदराबादला स्वेटर लागतो वर्षातून दहा दिवस, पण आईच्या माहेरी कुणा ना कुणाकडे बाळ होतंच, त्यामुळे तिच्या सुया थांबल्या नाहीत. मी भिंतीला टेकून मासिक मांडीवर घ्यायचे आणि मोठ्यानं वाचायचे. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले होते, पुढं इंग्रजी शाळा झाली तरी आईनं माझी मराठी सुटू दिली नव्हती. शेजारपाजारच्या मराठी घरांतली माझ्या वयाची पोरं ‘ळ’ दिसला की अडायची. मी अडत नव्हते, आणि त्याचा मला केवढा ताठा होता ते आता सांगायलाही लाज वाटते.

मासिकं चिक्कडपल्लीहून यायची. तिथं एक निवृत्त काका आपल्या घराच्या वरच्या खोलीत मराठी वाचनालय चालवायचे. पुण्या-मुंबईहून त्यांच्याकडे टपालानं अंक येत. आला अंक की काका त्याचं मुखपृष्ठ झाकून वर खाकी कागदाचं कव्हर घालायचे, शिवायचे, आणि जांभळ्या शाईनं फक्त एक नंबर टाकायचे. चित्र बघून लोक अंक पळवतात, वाचायला कुणी नेत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरी येणारा प्रत्येक अंक बाहेरून सारखाच दिसे. पाककृतीचा कोणता आणि गोष्टींचा कोणता, हे उघडल्याशिवाय कळायचं नाही. ही खाकी कव्हरं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. म्हणजे झालं माझ्यामुळेच, पण कव्हरांनी साथ दिली.

मला विज्ञानकथांचं वेड होतं. सोळा वर्षांची होते, इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्या अकरावीला. गोष्टीत यंत्र नसेल तर मला ती गोष्टच वाटत नसे. माझी एक वही होती. लेखकानं पुढचं काय काय सांगितलंय ते डाव्या पानावर लिहायचं आणि खरं झालं की उजव्या पानावर खूण करायची. उडत्या गाड्या, जेवणाच्या गोळ्या, चंद्रावरची गावं, भांडी घासणारा यंत्रमानव. उजवं पान बहुतेक कोरंच राहिलं. आणि डोळ्यांसमोर जे घडत होतं त्याचा गोष्टींमध्ये पत्ताच नव्हता. गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या तारा लोंबतील, गल्लीच्या तोंडाशी काचेच्या खोक्यात उभी राहून माणसं नांदेडला फोन करतील आणि लाल आकडे पळताना बघून घाम पुसतील, संगणकाच्या क्लासबाहेर देवळासारख्या चपला काढाव्या लागतील, यातलं काही कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हा रोज एक नवी पाटी लागत होती आणि मी रोज नवी पाटी वाचून घरी सांगत होते.

“सगळंच चुकतं तर हे लोक लिहितात कशाला?” मी एकदा बाबांना विचारलं.

बाबांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “आमच्या कारखान्याच्या शॉपमधी लाल दिवा आहे. तो लागला म्हणजे आग लागलीच असं नाही. पण लागला की आम्ही हात थांबवून वर बघतो. तसंच असंल.”

मला उत्तर फार आवडलं. वहीत लिहून ठेवलं.

बाबा लेथवर होते. लेथ म्हणजे लोखंड गोल फिरत ठेवून पातीनं त्याला आकार द्यायचं यंत्र. कारखाना सरकारी, गावाबाहेर, सकाळी चौकातून बस न्यायची. सव्वीस वर्षं ते एकाच लेथपुढं उभे होते. पातीचा आवाज ऐकून ते सांगायचे की ती किती वेळात बोथट होणार. तयार तुकड्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि माप चुकलंय का ते सांगायचे, मग मोजून बघितलं की तेवढंच निघायचं. घरी आईच्या पोळीच्या कडेवरूनही नख फिरवायचे. “आज एक बाजू जाड आहे,” म्हणायचे, आणि आई म्हणायची, “मग लेथवर लाटा.”

त्या वर्षी कारखान्यात नवं यंत्र आलं. संगणकावर चालणारी लेथ. तिच्यासाठी काचेची वेगळी खोली, थंड हवेची, आणि बाहेर चपलांचं कपाट. घरोघरी आणि कारखान्या-कारखान्यांत तेव्हा हेच बोललं जायचं की देश उघडला, बाहेरचा माल येणार, आता जुनं चालायचं नाही. बाबांच्या बरोबरचे लोक त्या खोलीकडे बघायचेही नाहीत. बाबा मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत डबा आवरून काचेला नाक लावायचे. घरी येऊन आम्हाला सांगायचे: पाती आपोआप बदलते. दार बंद करून आत पांढरं पाणी उडवते. माणूस हात लावतच नाही. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते, हळद-कुंकू, झेंडू, नारळ. नव्या यंत्राला कुंकू लावायला तिथल्या तरुण इंजिनिअरनं मनाई केली, भुकटी आत जाईल म्हणून. बाबांनी काचेच्या बाहेर एक झेंडू ठेवला आणि इंजिनिअरला विचारलं, “चूक झाली तर तिला कळतं का?”

“सांगून ठेवलेली चूक कळते,” तो म्हणाला. “न सांगितलेली नाही.”

हे उत्तर बाबा आठवडाभर चघळत होते. जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, “न सांगितलेली नाही. बराबर आहे. मलाबी सुरुवातीला कुठं कळायची.”

मग नोटीस लागली. पन्नाशी ओलांडलेल्यांनी दोन कागदांपैकी एक द्यायचा. एक, नव्या यंत्राचं शिक्षण घ्यायला चार महिने बेंगलोरला जायचं. दुसरा, स्वेच्छानिवृत्ती. शिक्षणाच्या जागा पाचच होत्या, पण इंजिनिअरनं बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “मेस्त्री, आप आए तो काम बनता.” महिनाभराची मुदत होती. शेवटचा दिवस सोमवार.

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात दोन्ही कागद घडी घालून असायचे. शिक्षणाचा कागद भरलेला होता, मी स्वतः इंग्रजीत भरून दिला होता, फक्त सही राहिली होती. त्यांना जायचं होतं. हे मी आज उगाच म्हणत नाही. रस्त्यानं जाताना ते बोटानं हवेत आकडे लिहायचे. माझ्या भूमितीच्या पुस्तकातले आलेख बघून विचारायचे, “हे आडवं अन् हे उभं, यावरूनच त्या यंत्राला जागा कळते म्हणे, हौ का?” पण भीतीही होती. बावन्न वर्षांचा माणूस, इंग्रजीची बोंब, शेजारी पंचविशीतली पोरं. “तिथं मी ढ ठरलो तर?” असं त्यांनी आईला विचारलेलं मी ऐकलं होतं. आई म्हणाली, “ठरलात तर ठरलात. चार महिन्यांनी ढ म्हणून परत या.” माझी आई अशी होती.

त्याच महिन्यात ती गोष्ट आली.

लेखकाचं नाव मी पूर्वी कधी वाचलं नव्हतं. गोष्ट होती पुढच्या शतकातल्या एका तबले बनवणाऱ्याची. तबल्याच्या कातड्यावर तो काळा गोल असतो ना, त्याला शाई म्हणतात, ती थरावर थर देऊन दगडानं घोटत बसावं लागतं. तो कारागीर एकटा राहणारा, ना बायको ना पोर. एक कंपनी त्याला पातळ हातमोजे देते, आत बारीक तारा. वर्षभर ते घालूनच त्यानं काम करायचं, म्हणजे यंत्र त्याच्या हातांकडून शिकेल. वर्ष संपतं, हातमोजे परत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागा होतो तर त्याची बोटं पांघरुणावर आपोआप हलत असतात, शाई घोटल्यासारखी. आणि खाली कंसात: अपूर्ण, उर्वरित भाग पुढील अंकी.

बाबांच्या हातातली शेंग हातातच राहिली. “अन् मग?”

“पुढच्या अंकात,” मी म्हटलं.

“कधी येतोय?”

त्यांनी याआधी कुठल्याच गोष्टीबद्दल असं विचारलं नव्हतं. पुढचे तीन रविवार त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी तिन्ही वेळा चिक्कडपल्लीला जाऊन काकांचं डोकं खाल्लं. तिसऱ्या वेळी काका वैतागून म्हणाले, “अगं, टपालात गहाळ झाला तो अंक. दरवर्षी एखादा होतो. मी काय पोस्टमनच्या मागं धावू?” आणि आईनं विणकामाचा एक अंक मागितला होता तो माझ्या हातात दिला. खाकी कव्हर, जांभळा नंबर.

तो रविवार मुदतीच्या सोमवारच्या आदला. हे मला ठाऊक होतं. घरात दुसरा विषयच नव्हता. पण खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात कागद नव्हते, माझ्या डोक्यात फक्त गोष्ट होती. मी तीन आठवडे तिचे शेवट रचत होते, कॉलेजच्या बसमध्ये, आंघोळ करताना. एक शेवट तर मला इतका जमला होता की तो लेखकालाही सुचला नसेल अशी माझी खात्री होती. बाबांनी सूप पुढं घेतलं, माझ्या हातातल्या खाकी कव्हराकडे बघितलं आणि विचारलं, “आला वाटतं?”

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एक अक्षर जास्त नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हटलं, “हो, आला.”

आणि विणकामाचा अंक मांडीवर उघडून मी वाचायला लागले. समोर ‘दोन सुलट, दोन उलट’ लिहिलेलं होतं आणि मी वाचत होते की त्या कारागिराचे हात आता यंत्राचे झालेत. यंत्र दिवसरात्र तबले करतं, म्हणून त्याची बोटंही दिवसरात्र घोटत राहतात. घास तोंडाशी नेता येत नाही. तो लेकीच्या केसांवरून हात फिरवायला जातो तर बोटं तिच्या कपाळावर शाई घोटायला लागतात. लेक रडते. शेवटी तो तिलाच म्हणतो, माझे हात खाटेला बांध. ती बांधते. आणि शहरभर हजारो तबले वाजत असतात, सगळे एकाच सुरात.

मी आवाज लावून वाचलं. रडण्याच्या जागी थांबले. शेवटचं वाक्य हळू म्हटलं. आईच्या सुया थांबलेल्या होत्या, आणि बाबा फोडलेल्या शेंगेकडे बघत बसले होते. मला काय वाटलं? मला अत्यानंद झाला. माझ्या गोष्टीनं दोन मोठी माणसं गप्प झाली होती. मनात म्हटलं, हा खरा लाल दिवा.

“वाईट झालं त्याचं,” बाबा म्हणाले. एवढंच. मग उठून सदरा घातला आणि चौकात जाऊन उभे राहिले. चहाच्या वेळेला परत आले.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी डबा मोरीत ठेवला आणि आईला सांगितलं, “दिला कागद. निवृत्तीचा.”

“का?” तिनं विचारलं.

“बस झालं. हात थकले.”

मी आतल्या खोलीत उभी होते. बाबांचे हात थकलेले नव्हते. आदल्याच दिवशी ते सकाळी पाटावर आडव्या-उभ्या रेघा मारून बसले होते. मला बाहेर जाऊन सांगता आलं असतं की शेवट माझा होता, थोतांड होतं, उद्या जाऊन कागद परत घ्या. मी सांगितलं नाही. घाबरले. खोटं वाचलं हे कळलं तर बाबा पुन्हा मला वाचायला सांगणार नाहीत, हे भय मोठं वाटलं. सोळाव्या वर्षी माणूस इतका मूर्ख असू शकतो. मंगळवारी वाटलं बुधवारी सांगू, आणि मग बेंगलोरला जाणाऱ्या पाच जणांची यादी लागली आणि तोंड बंदच झालं.

बाबा घरी बसले. बसले म्हणजे काय, घरातली प्रत्येक खिळखिळी वस्तू त्यांनी महिनाभरात घट्ट केली, मग शेजाऱ्यांच्या वस्तू केल्या, मग करायला काही उरलं नाही. सकाळी कारखान्याच्या बसची वेळ झाली की ते फाटकाशी जायचे आणि ती गेली की आत यायचे. एकदा, वर्षभरानंतर असेल, तो तरुण इंजिनिअर घरी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लोखंडी तुकडा घेऊन. यंत्र सगळं बरोबर दाखवतंय, म्हणाला, पण तुकडे बसत नाहीत. बाबांनी नख फिरवलं. डोळे मिटून परत फिरवलं. “सकाळचा आहे का दुपारचा?” त्यांनी विचारलं. दुपारचा निघाला. “मग आत गरम होतंय. तिला दम खाऊ द्या, मग घ्या माप.” इंजिनिअर गेला आणि चार दिवसांनी मिठाई पाठवली. बाबा दोन दिवस हवेत आकडे लिहीत होते. मला ते बघवत नव्हतं. मी त्यांच्यावर उगाच खेकसले, की सतत हात काय हलवता.

विज्ञानकथा मी सोडल्या नाहीत. पण वही बंद केली. भाकितं खरी होतात का, यापेक्षा मला वेगळाच प्रश्न पडायला लागला: इशारा ऐकून माणूस काय करतो? दिवा लाल लागला हे खरं, पण हात थांबवायचा की पळून जायचं, हे दिवा सांगत नाही. आणि दिवा कुणी लावला हे तर कुणी विचारतच नाही.

दहाएक वर्षं गेली. शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत मला नोकरी लागली. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम बिघडवून बघायचे. कुठं कुठं चुकू शकतं याच्या याद्या करायच्या. आई म्हणायची, “तुला लहानपणापासून चुका काढायला येतातच, आता पगारही मिळतो.” चिक्कडपल्लीचे काका वारले, आणि त्यांच्या मुलांनी वाचनालय रद्दीत घातलं. मराठी वाचणारं त्यांच्या घरात कुणी उरलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी मी परीक्षेचं कुठलंसं गाइड शोधत होते. ढिगात तळाशी खाकी कव्हरं दिसली. पाचसहा. जांभळी शाई उडालेली. मी चक्क फतकल मारून फुटपाथवर बसले आणि एकेक उघडत गेले. चौथ्यात ती होती. हातमोज्यांची गोष्ट, उत्तरार्ध. गहाळ झालेला अंक उशिरा आला असणार आणि काकांनी मुकाट्यानं शिवून ठेवला असणार. मी विचारायला परत गेलेच नव्हते.

तिथंच वाचली. मग बसनं घरी आले. दुपार होती, बाबा सूप घेऊन बसले होते. आई विणत होती, आता तिला जाड भिंगाचा चष्मा होता.

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्हाला तो तबलेवाला आठवतो?”

“हातमोजेवाला. हौ.”

“त्याचा शेवट मी वाचला होता तो खोटा होता. अंक आलाच नव्हता. मी मनानं केला होता सगळा.” मी एका दमात म्हणून टाकलं. दहा वर्षं दडवलेलं दहा सेकंदांत बाहेर पडलं.

बाबांनी दाणे सुपात टाकले. “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुझ्या मांडीवर स्वेटरचं चित्र होतं. अन् अर्धा तास वाचलीस, पान एकदाच उलटलंस.” ते सव्वीस वर्षं फिरत्या लोखंडाकडे बघत आलेले. मला वाटलं होतं की मराठी वाचता येत नाही म्हणजे दिसतही नाही.

“माहीत होतं तर मग कागद—”

“आता खरा आणलास ना? आधी वाच. हल्लू वाच.”

मी वाचलं. खऱ्या गोष्टीत त्या कारागिराची बोटं हलतात, कारण यंत्र त्याला बोलावत असतं. तो जातो. यंत्र अडलेलं असतं. हवा दमट झालीय, शाई धरत नाही, आणि दमट हवेचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कारागीर सांगतो. दुसऱ्या दिवशी यंत्र दुसरं काही विचारतं. मग तोही यंत्राला विचारायला लागतो, त्यानं आयुष्यभर केलं पण का ते कळलं नव्हतं, अशा गोष्टी. शेवटी कंपनीचे लोक येतात आणि म्हणतात, शिकून झालं, आता घरी जा. तो म्हणतो, यंत्र शिकलं याचं मला भय नाही. भय आहे ते हे की त्याला प्रश्न पडेल तेव्हा इथं कुणी नसेल. आणि तो जात नाही. गोष्ट तिथं संपते.

यावेळी मी सगळी पानं उलटली. वाचून झालं तरी अंक मिटवला नाही.

“बराबर लिहिलंय,” बाबा म्हणाले. “कळलेला माणूस आहे.”

“बाबा, गोष्ट माझी होती हे तुम्हाला कळलं होतं. मग तुम्ही निवृत्तीचा कागद का दिला?”

“म्हणूनच दिला.” त्यांनी एक शेंग उचलली आणि नखानं तिची शिवण चाचपत राहिले. “पहिल्या भागात तो एकटा होता. ना बायको ना पोर. तू वाचलंस त्यात त्याला लेक आली. अन् ती रडत बापाचे हात बांधायली. लिहिणाऱ्याचं भय असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं. मला वाटलं, माझ्या लेकीला भय वाटायलंय. तोंडानं सांगता येईना म्हणून पुस्तकाआडून सांगायलीय. मग कशाला म्हटलं ते यंत्र.”

आईच्या सुया थांबल्या. तिलाही हे तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

मला भय वाटलं नव्हतं. तेव्हा यंत्राचं नाही, बाबांचंही नाही, कशाचंच नाही. शेवटाला रडणारं कुणीतरी हवं होतं म्हणून मी त्याला एक मुलगी देऊन टाकली होती. हे गिळून टाकावं असं मला वाटलं. त्यांनी माझ्या भीतीसाठी आपलं यंत्र सोडलं होतं, तेवढी तरी भीती खरी असू द्यावी. पण एकदा दहा वर्षं गप्प बसून झालं होतं.

“बाबा, मी घाबरले नव्हते,” मी म्हटलं. “मला फक्त शेवट चांगला करायचा होता.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातली शेंग फोडली.

“चांगला झालता,” ते म्हणाले, आणि सूप पुढं ओढलं.